‘शे’ नाही, ‘आहे’ म्हण!

आज ३ ऑक्टोबर, अभिजात मराठी भाषा दिन. पहाटे सहालाच आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. केशरी रंग, मोरपीस, तुतारी, मधोमध ‘माझी मराठी, अभिजात मराठी’ आणि खाली ‘मायबोलीतच बोला, मायबोलीचा अभिमान बाळगा’. पाठवणारे आमचे चौथीचे गुरुजी.

चहा नाकात गेला माझ्या.

ज्यांना हा किस्सा तोंडपाठ आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं आमचं गाव, घरची बोली अहिराणी. माय तापाने फणफणलेली, गोधडीत पडून. पाणी मी भरलं, भाकरी शेजारच्या काकूंनी दिली, शाळा बुडाली. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, काल कुठे होतास? मी उभा राहून म्हटलं, “गुरुजी, मनी माय बिमार शे.” वर्ग शांत. “शे नाही, आहे म्हण.” मी म्हटलं, “मनी माय बिमार आहे.” लिंबाची छडी हातावर. “मनी नाही, माझी.” छडी. “माय नाही, आई.” छडी. शेवटी एका दमात म्हणून टाकलं, “माझी आई आजारी आहे.” गुरुजी म्हणाले, शाब्बास, बस. मी बसलो आणि मला वाटलं, ही कोणीतरी दुसरीच बाई आजारी आहे. शहरातली. पांढऱ्या चादरीवर झोपलेली. माझी माय तर गोधडीतच राहिली.

२०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा मीही पेढे वाटलेत, उगाच मला मराठीद्वेष्टा ठरवू नका. पण ‘मायबोली’ हा शब्द जरा जपून वापरा हो. तुमची मायबोली ती माझी शाळाबोली आहे.

आणि ते हिंदीचं प्रकरण! २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा याच ग्रुपवर सगळे पेटले होते. कोवळ्या लेकरांवर परकी भाषा लादता? घरात एक, शाळेत दुसरी, पोरांनी करायचं काय? जूनमध्ये सुधारित आदेश आला, मग आणखी पेटले. २९ जूनला सरकारने दोन्ही मागे घेतले तर फटाक्यांचे व्हिडिओ. मीही अंगठा दिला, कारण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. फक्त मनात येत होतं, पहिलीच्या लेकरावर दुसरी भाषा लादली की काय होतं ते आम्हाला विचारा की राव! आमच्या हातावर वळ आहेत.

म्हणाल, मराठी नीट शिकला नसतास तर नोकरी लागली असती का? नसती लागली. झालं समाधान?

२०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’, आमची अहिराणी त्यातच धरून, मराठीहून वेगळी मोजलीय, १८ लाखांच्या वर माणसं. म्हणजे दिल्लीचा कारकून आम्हाला वेगळं म्हणतो आणि गावचा मास्तर अशुद्ध म्हणतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ ला बहिणाबाईंचं नाव दिलं, छान झालं. त्यांची बोली लेवा, आमची अहिराणी नव्हे, जळगावकर लगेच कमेंटमध्ये दुरुस्त करतील म्हणून आधीच सांगतो. पण त्या माउलीने तिथे स्वतःच्या बोलीत पेपर लिहिला असता तर लाल पेनाने किती गोल पडले असते, एवढं मनाशी मोजून बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, मी गेलो होतो. भरिताच्या रांगेत पुढचे दोघे मस्त “काय करी राहिना, कथा उतरना” करत होते. पुस्तकाच्या स्टॉलपाशी पोचले आणि एकदम “आपण कुठून आलात?” अहो, आता तर एकाच गाडीतून उतरलात!

लग्नात डीजेवर अहिराणी गाणं लागलं की पुण्याची वऱ्हाडी मंडळीसुद्धा नाचतात. तेवढ्याने ती टिकून आहे, मान्य. पण नाचायला चालते, बोलायला नाही.

एवढं टाइप केलं आणि आता रागाचा पारा उतरला, कारण एक गोष्ट मी कधी सांगत नाही. चौथीत असतानाच मी गुरुजींच्या घरी वह्या पोचवायला गेलो होतो. त्यांची म्हातारी ओट्यावरून ओरडली, भाकर थंडी व्हई राहिनी. आतून गुरुजींचा आवाज आला, “ऊनू वं माय!” बाहेर आले, मला बघितलं आणि मान खाली घालून वह्या मोजायला लागले. दोनदा मोजल्या. त्यांच्या हातावरही कोणीतरी छडी ओढलीच असणार. त्यांच्या घरातले पहिले नोकरदार होते ते.

आणि मी कोण मोठा लागून गेलो? धुळ्यात देवपूरच्या फ्लॅटमध्ये माझी लेक आजीला म्हणते, “आजी, नीट बोल ना!” आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. छडी नाही मारत, एवढाच फरक.

असो. ग्रुपवर भांडायचं होतं. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. शेवटी गुरुजींना खासगीत टाकलं, “राम राम गुरुजी. तब्येत कशी शे?”

निळ्या टिका आल्या. ‘टाइपिंग’ दिसायचं, बंद व्हायचं, पुन्हा दिसायचं. मग आलं, “प्रकृती उत्तम आहे.”

म्हटलं चला, सुटलं नाहीच.

दोन मिनिटांनी आणखी एक, “तुनी माय कशी शे?”

माय समोरच बसली होती, मेथी निवडत. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कोन, तुले मारे तो मास्तर का?”