बाटली घेण्याआधी नकाशा पाहा

गेल्या महिन्यात दमणहून मुंबईला परतताना माझी एक दारूची सीलबंद बाटली बिलासकट गेली. सोबत तीन तासही गेले. रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसून त्या तीन तासांत मिळालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतो आहे, घ्या.

बाटली घेताना लेबल, किंमत काही पाहू नका, नकाशा पाहा. दमणला एका बाजूला समुद्र आणि बाकी सगळीकडे गुजरात. म्हणजे बाटली तिथेच संपवावी, नाहीतर पोहता यावं. गुजरातेत ती पाप. ते पाप करून पार झालातच, तर महाराष्ट्राच्या हद्दीत तीच बाटली करबुडवी. सासरेबुवांच्या एकसष्टीसाठी घेतलीय, बिल आहे, असं मी कळवळून सांगितलं. नाक्यावरचे साहेब प्रेमाने म्हणाले, "बिल भी है? मतलब सबूत भी साथ लाए हो."

यात गुजरातला नावं ठेवू नका हं. कायदा दोघांचा मुळात एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 मध्ये वाटणी झाली तेव्हा गुजरातने त्यातली बंदी घेतली आणि महाराष्ट्राने अपवाद. आपल्याकडे दारू विकली जाते तीही दारूबंदीच्याच कायद्याखाली.

वय तपासा. महाराष्ट्रात रम प्यायला 25 पूर्ण लागतात आणि आमदार व्हायलाही 25 च.

कोरड्या वर्ध्याला जायचं असेल तर नागपुरातच काय ते उरका. चंद्रपूरला मात्र तारीख विचारून जा. 2015 ला कोरडं झालं, 2021 ला पुन्हा ओलं.

देव कुठला आहे तेही बघून ठेवा. नागालँडमध्ये चर्चचा शब्द, म्हणून 1989 पासून बंदी. मिझोरामात चर्चच्या आग्रहाने आलेली बंदी एकदा उठली, 2019 मध्ये परत आली. उज्जैनला तर कमालच. तिथे कालभैरवाचा नैवेद्यच दारूचा. पण 2025 च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशातल्या काही धार्मिक शहरांत दुकानं बंद, त्यात उज्जैनही. देवाला चालते, शहराला चालत नाही. आता भक्तानेच नैवेद्य बाहेरून आणायचा!

अनंत चतुर्दशीला दुकानं बंद असतात. त्यामुळे मिरवणुकीत डीजेपुढे लोळणारा प्रत्येक जण भक्तीनेच लोळतो आहे, असं समजा.

आणि बंदी आहे तिथे घाबरू नका. बिल मागितलं नाहीत, तर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरपोच येते. पकडला जातो तो दुकानातून बिल घेणारा. ज्याला घरपोच परवडत नाही, त्याच्यासाठी पिशवी असते, आणि पिशवीत काय असतं ते कोणालाच ठाऊक नसतं. 2022 च्या जुलैत गुजरातेत बोटादकडे मिथेनॉल पिऊन चाळीसहून जास्त माणसं मेली. डिसेंबरात बिहारच्या सारणमध्ये आणखी सत्तरच्या वर. पिणारा मरणारच, असं तिथले मुख्यमंत्री म्हणाले. बंदी 2016 पासून होती! मग ही दारू आली कुठून? कोणाच्या नाकाखालून आली? माझी एक बाटली दिसते आणि ती पिंपं दिसत नाहीत?

आता सूचना पुरे. दारूला विरोध करायचा तर गावातल्या बायका करतात तसा करा. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, असं मतदान लावून घेतात, नवरे दारात आडवे येत असताना जाऊन मत देतात. रात्रीचा मार त्या खातात, त्यांचा राग मला कळतो. तुमचा कळत नाही. 1 ऑक्टोबरला रात्री दुकानापुढच्या रांगेत पिशवी घेऊन तुम्हीच उभे असता, सकाळी गांधीजी स्टेटसला लावता. दुकान बंद पडलेल्या गावात दिवाळीला गाडीच्या डिकीतून खंबे नेता, आणि वर त्याच बायकांना हसता. मी पण नेले आहेत. लाज वाटते. तुम्हाला वाटते का?