मुस्तफा उजवीकडेच जातो

घरी स्वतः बनवलेलं व्हिडिओ गेमचं मशीन असलं, की पाहुणे पहिली काही वर्षं "केवढ्याला पडलं?" असं विचारतात आणि पुढे जन्मभर "अजून चालतं का?" असं. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर बायकोलाही माहीत नाही, आणि माहीत होऊ नये अशी माझी व्यवस्था आहे. दुसऱ्याचं उत्तर त्या दिवशी लाईट आहे का, यावर अवलंबून.

आमच्या लहानपणी पार्लरमध्ये असायचं तसंच मशीन आहे: प्लायवूडचं, पुरुषभर उंच, वर दिव्याची पाटी, खाली जॉयस्टिक आणि बटणं. आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्यात चक्रव्यूहात ठिपके खात फिरणारा 1980 चा पॅकमॅन आहे आणि 1993 चा मुस्तफा. या दुसऱ्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण ते नाव घेऊन रुपया टाकणारा माणूस मी अख्ख्या खानदेशात पाहिला नाही. चार हिरोंपैकी धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, म्हणून गेमच मुस्तफा.

आमचं गाव अमळनेर. विप्रो 1945 साली इथेच तेल-वनस्पतीची कंपनी म्हणून सुरू झाली आणि पुढे कॉम्प्युटरकडे वळली. माझं मशीन कॉम्प्युटर म्हणून सुरू झालं आणि सध्या त्याच्या पोटात शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो.

तेलाचं एक वेळ चालेल, पण उन्हाळा सोसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की सनमायकाखालचा डिंक हात टेकतो आणि कोपरे कानासारखे उभे राहतात. तेव्हाच आई वरच्या फळीवर कुरडया पसरते, कारण पाटीचा दिवा लावला की तिथे "सुकी हवा" लागते म्हणे. मी गेम सुरू करायला गेलो की आतून आवाज येतो, "कुरडाया वाळत घालेल शेतस, हात नको लावू!" दिवा चालू, मशीन बंद, असा मग महिना जातो.

नाणं टाकायची फट मी हौसेनं केली होती. आईनं तिचा गल्ला केला. दूधवाल्याकडून आलेले सुटे ती तिथेच टाकते आणि प्रत्येक रुपयाला स्क्रीनवर इमानदारीत एक क्रेडिट, म्हणजे एक डाव, चढतं. आमच्याकडे क्रेडिट भरपूर, खेळणारा कोणी नाही.

पॅकमॅन 256 व्या पातळीला फुटतो, हे शौकिनांना ठाऊक असतं. पातळी मोजणारा आकडा 255 च्या पुढे जाऊ शकत नाही, मग अर्ध्या स्क्रीनवर नुसता कचरा दिसतो. आमच्याकडे तो तिसऱ्या पातळीला फुटतो, कारण लाईट जाते. आणि या रास्पबेरी पायला असं अचानक मेलेलं चालत नाही. बंद करायच्या आधी रीतसर निरोप द्यावा लागतो, नाहीतर मेमरी कार्ड बसतं. वीज कंपनीला हे समजावता येत नाही. बायकोलाही नाही. ती झाडू मारताना सरळ बोर्डावरचं बटण खाली करते.

कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या श्रावणातल्या सणाला, सुरतेहून भाऊबंद येतात, तेव्हा मशीनवर आईची जुनी नऊवारी टाकतो. एका वर्षी कोणीतरी पाटीचा दिवा चालूच ठेवला. एक लांबच्या काकू आल्या, कानबाईच्या पाया पडल्या, वळल्या आणि नऊवारीआडून उजळलेल्या मशीनलाही हळदीकुंकू वाहून गेल्या. कुंकू जॉयस्टिकच्या खोबणीत उतरलं. डावीकडचा मायक्रोस्विच, म्हणजे काठी रेटली की टक करून दाबला जाणारा छोटा खटका, तेव्हापासून अडखळू लागला, आणि पुढे पूर्णच गेला. आता मुस्तफा उजवीकडे जातो, कारण गोष्टच उजवीकडे सरकते. मागून येणाऱ्यांचा मार मात्र पाठीवर घ्यावा लागतो. पॅकमॅनचे हाल विचारू नका. उजव्या बोगद्यातून बाहेर पडून पलीकडून आत यायचं, म्हणजे अमळनेरहून धुळ्याला भुसावळमार्गे.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं भंगारवाल्याला वर बोलावलं. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली, प्लायवूडवर टिचकी मारली.

"लाकूड घेत नही भाऊ. आतलं तांबं निघीन तेवढंच." मग जरा वाकून, हळूच, "येन्हामा मुस्तफा शे का?"

क्रेडिट होतंच. माणूस चाळिशीचा, खांद्यावर गोणी तशीच. पहिल्याच धावत्या लाथेत तीन जण आडवे केले. मग थांबला, जॉयस्टिक कानाजवळ हलवून पाहिल्यासारखी डावीकडे दोनदा रेटली. "टक वाजत नही. स्विच गया." खाली गेला, हातगाडीवरचा एक मेलेला मायक्रोवेव्ह उचकटला आणि त्याच्या दाराचा स्विच घेऊन वर आला. तोच आकार, तीच भोकं. दोन स्क्रू, दोन वायरी. टक!

वीस रुपये मागितले. सुटे नव्हते, म्हणून आईच्या गल्ल्यातून मोजून दिले.

बायको जिन्यात रद्दी घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, त्याला भंगार विकायला बोलावलं होतं."