पिकअपला मोठ्या डिस्क लावल्या की गाडी निम्म्या अंतरात थांबते?

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘पिकअपचे कंपनीचे ब्रेक कामचलाऊ असतात. पुढे मोठ्या, भोकं पाडलेल्या डिस्क टाका, त्यावर रेसिंगचे पॅड लावा. मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क बसवा. रबरी होजऐवजी स्टीलच्या जाळीचे होज, आणि ब्रेक ऑइल डॉट ५. गाडी निम्म्या अंतरात थांबेल, मग हौद्यात कितीही माल भरा, काळजी नाही.’

हे वाचून लोक खर्च करतात, त्याचं मला एवढं वाटत नाही. पण आता ब्रेक जबरदस्त झालेत या भरवशावर ते भरलेली गाडी उतारावर घालतात, ते बघवत नाही. म्हणून एकेक दावा तपासतो.

‘गाडी निम्म्या अंतरात थांबते.’

ब्रेक फक्त चाक अडवतो: डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला पॅडनं दाबतो, ड्रम ब्रेकमध्ये शू फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबतात. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. ही पकड संपली की चाक लॉक होतं किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पॅडल पायाखाली थरथरायला लागतं. त्याच्यापुढे डिस्क कितीही मोठी असली तरी तिला करण्यासारखं काही उरत नाही.

साधं गणित मांडू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. कोरडा चांगला डांबरी रस्ता, टायर ठीकठाक, घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत ३१-३२ मीटर लागतात. हे अंतर निम्म्यावर आणायचं तर गुणांक १.६ लागेल. रस्त्यावर चालणारा कुठलाही पिकअपचा टायर एवढी पकड देत नाही. पावसात हाच गुणांक ०.५ वर आला की तीच गाडी ५० मीटर घेते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर २२ मीटर तिथेच खर्च झाले, आणि त्या काळात गाडीला कुठले ब्रेक लावलेत याला काहीच अर्थ नाही.

म्हणून आधी तपासायचं ते हे: ठरलेल्या मर्यादेइतका माल नीट बांधून, रिकाम्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात पूर्ण ब्रेक दाबल्यावर एबीएस चालू होतो का? होत असेल तर तुमचे आहेत ते ब्रेक टायरची सगळी पकड वापरत आहेत, आणि एका वेळच्या थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर खर्च टायरवर करायला हवा. होत नसेल तर ब्रेकमध्ये खरोखर कमतरता आहे. पण तेव्हाही पहिला संशय झिजलेल्या पॅडवर, जाम झालेल्या कॅलिपरवर आणि ढिल्या सेटिंगच्या मागच्या शूवर घ्यायचा. डिस्कच्या आकाराचा नंबर त्यानंतर.

एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. ज्यांनी कंपनीपेक्षा उंच टायर चढवलेत त्यांनी स्वतःचे ब्रेक स्वतःच कमजोर केलेत. टायरचा व्यास १० टक्के वाढला की तेवढ्याच पॅडल दाबाला रस्त्यावर मिळणारा रोध साधारण ९ टक्के घटतो, आणि जड चाकाचा वेग मारायला जास्त जोर लागतो तो वेगळाच. अशा गाडीला मोठी डिस्क ही गरज आहे. पण ती गाडीला मूळ जागी परत आणते, निम्म्या अंतरात थांबवत नाही.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग कशाला?

उष्णतेसाठी. मजकुरात नेमकं हेच नाही, आणि पिकअपच्या ब्रेकचा खरा प्रश्न हाच आहे.

तीन टन वजनाची भरलेली गाडी ८० वरून थांबवली की साधारण ७.४ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर आणि पुढची प्रत्येक डिस्क ८ किलोची धरली, तर एका थांबण्यात त्या डिस्क साधारण ७० अंशांनी तापतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. आता घाट घ्या. ५०० मीटर उंची उतरताना गाडीला जी ऊर्जा घालवावी लागते ती ८० वरून २० वेळा थांबण्याइतकी असते, मग गाडी भरलेली असो वा रिकामी. थोडा भाग हवा आणि टायर खातात, बराच इंजिन खाऊ शकतं, पण गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून पाय ब्रेकवर ठेवला तर उरलेलं सगळं डिस्क आणि ड्रमच्या अंगावर येतं.

तेव्हा ब्रेक तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी जातात, आणि पायाला त्या वेगळ्या कळतात. पॅडल दगडासारखं कडक आहे पण गाडी हळू होत नाही, म्हणजे पॅडचं मटेरियल त्याच्या मर्यादेपलीकडे तापलंय. पॅडल हळूहळू खाली जायला लागलं, पण दोनदा पंप केल्यावर वर येतं, म्हणजे मागचे ड्रम तापून फुगलेत आणि शूला जास्त लांब जावं लागतंय. पॅडल स्पंजासारखं होऊन थेट तळाला गेलं, म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ झाली. वाफ दबते, ऑइल दबत नाही, त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही.

मोठी, जड डिस्क यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराला दूर ढकलते. ८ किलोऐवजी ११ किलोची डिस्क असेल तर त्याच थांबण्यात ७० ऐवजी ५० अंशांनी तापते, आणि पृष्ठभाग जास्त असल्यामुळे निवतेही लवकर. ही सुधारणा खरी आहे. जो माणूस रोज भरलेली गाडी लांब उतारावरून आणतो त्याला ती उपयोगी पडेल. पण उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकला तर आज आहेत त्याच ब्रेकना तेवढा किंवा त्याहून जास्त आराम मिळतो.

डिस्क ब्रेकची कीर्ती झाली तीही याच कारणानं. १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइप गाडीनं डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ड्रमवाल्या गाड्याही एकदा थांबायच्याच. प्रत्येक फेरीत प्रचंड वेगावरून पुन्हापुन्हा ब्रेक मारताना डिस्क थकत नव्हत्या, हा त्यांचा फायदा होता.

‘भोकं पाडलेल्या डिस्क थंड राहतात.’

भोकं पाडायची पद्धत आली तेव्हाचे पॅड तापल्यावर गॅस सोडायचे, आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी असायची. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. उलट भोकं पाडली की लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवणारं वजनच कमी होतं. वर जड गाडीत तापणं-निवणं चालू राहिलं की भोकाच्या कडेपासून बारीक तडे निघतात. दोन भोकांना जोडणारा तडा किंवा काठापर्यंत गेलेला तडा दिसला तर ती डिस्क बाद. डिस्क थंड करायचं काम तिच्या दोन थरांमधल्या पोकळ्या करतात. फिरताना त्या मधून हवा ओढतात आणि काठानं बाहेर फेकतात. चिखलापाण्यात चालणाऱ्या गाडीला चरे असलेल्या डिस्क थोडा फायदा देतात, कारण पाणी आणि घाण निघून जाते. त्या बदल्यात पॅड लवकर झिजतात. माल वाहणाऱ्या पिकअपला मी सपाट, जाड, आतून पोकळ्या असलेली डिस्कच सांगेन.

‘रेसिंगचे पॅड लावा.’

शर्यतीचे पॅड तापल्यावर पकड घेतात. सकाळी गेटबाहेर काढलेल्या थंड गाडीला पहिल्या दाबाला ते कमी धरतात, आणि रोजच्या वापरात तोच पहिला दाब महत्त्वाचा असतो. पॅड घेताना कडेवरचा छापील कोड बघा. त्याच्या शेवटी बहुतेकदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘ई’ म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ लिहिलेला पॅड तापल्यावर पकड सोडणारा आहे, ‘एफएफ’ टिकून राहणारा. उतारावर काम असलेल्यानं निदान दुसरं अक्षर तरी वाचावं.

‘मागचे ड्रम काढून डिस्क बसवा.’

मला सर्वात जास्त काळजी याची वाटते.

ड्रम जुने म्हणून टाकाऊ, असं नाही. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानंच ड्रमवर आणखी दाबला जातो, त्यामुळे कमी दाबात जास्त जोर मिळतो. हँडब्रेकसाठी तर हे फारच सोयीचं आहे. भरलेली गाडी चढावर उभी करायची तर ड्रमचा हँडब्रेक घट्ट धरतो. ड्रमचे तोटेही आहेत. तो तापला की उशिरा निवतो, आणि पाण्यातून गाडी गेली की आत पाणी राहून पहिले दोन-चार ब्रेक कमी लागतात. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, आणि रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर आधीच फार थोडं वजन असतं. तिथे जास्त ताकदीचा ब्रेक लावला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, मागची झाली तर चालकाच्या हातात काही राहत नाही.

हे सांभाळायला अनेक पिकअपच्या खाली, मागच्या ॲक्सलच्या जवळ, चेसिसला एक व्हॉल्व्ह असतो. त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की स्प्रिंगचे पाटे दबतात, चेसिस खाली येते, दांडीचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी झाली की दाब कमी करतो. गाडीखाली वाकून बघितलं तर हाताला लागेल इतकं साधं यंत्र आहे.

आता याच गाडीला जादा पाटा टाकला किंवा तिची उंची वाढवून घेतली की काय होतं बघा. माल भरूनही चेसिस पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब तोडतो, आणि भरलेल्या गाडीचं सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येतं. चालक म्हणतो ब्रेक कमी पडतात आणि मोठ्या डिस्कच्या मागे लागतो. इलाज असतो दांडीच्या सेटिंगचा. काही जण दांडी काढून वर बांधून ठेवतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. ती गाडी ओल्या रस्त्यावर रिकामी चालवणं जिवाशी खेळ आहे. नव्या गाड्यांमध्ये हेच काम एबीएसचं युनिट करतं, आणि त्याचा हिशेब त्या गाडीच्या मूळ ब्रेकवर बसवलेला असतो.

शिवाय डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग, तोच ठेवला तर पॅडल लांब जातं. पुढे मोठे कॅलिपर लावताना हेच होतं, आणि त्यात पुढचा ब्रेक एकटाच वाढला तर मागची पकड वापरलीच जात नाही, थांबायचं अंतर वाढूही शकतं. मागे डिस्क करायचीच असेल तर मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि हँडब्रेक यांच्यासकट जुळवलेला, त्याच मॉडेलसाठी बनवलेला संच घ्यावा. सुट्या भागांची जोडाजोड करू नये.

‘स्टीलच्या जाळीचे होज ब्रेकची ताकद वाढवतात.’

वाढवत नाहीत. होज म्हणजे ब्रेक ऑइलची नळी; जाळीचे होज दाबाखाली कमी फुगतात म्हणून पॅडल जरा घट्ट लागतं, एवढंच. तुमचे रबरी होज जुने, तडकलेले असतील तर नवे रबरी टाकूनही तोच फरक जाणवेल. जुना होज आतून सुजला तर ऑइल परत येत नाही आणि एक चाक ब्रेक धरून ठेवतं. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि एकच चाक जास्त तापत असेल तर होज तपासा.

‘डॉट ५ सर्वात भारी.’

आकडा मोठा म्हणून ऑइल भारी, हा समज काढून टाका. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलची आहेत, एका जातीची. डॉट ५ सिलिकॉनचं आहे. ते बाकीच्यांत मिसळायचं नाही, आणि एबीएसच्या गाडीत तर घालायचंच नाही. ज्याला जास्त तापमानाचं ऑइल हवंय त्यानं, गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर, डॉट ५.१ घ्यावं.

महत्त्वाचं हे की ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणजे कित्येक वर्षं न बदललेल्या ऑइलवर चालणारी गाडी उतारावर ७५ अंशांची सूट गमावून बसलेली असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून सगळ्या चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा नीट काढणं, यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची ब्रेक सुधारणा मला माहीत नाही.

‘मग कितीही माल भरा.’

गाडीवरची एकूण वजनाची मर्यादा एकट्या ब्रेकवर ठरत नाही. ॲक्सल, बेअरिंग, पाटे, चेसिस, रिम, टायर, सगळ्यांचा त्यात हिशेब असतो. टायरच्या बाजूवर ११२ असा भारांक असेल तर योग्य हवेत तो टायर ११२० किलो पेलतो. मोठी डिस्क लावल्यानं तो ११२१ होत नाही. जादा वजनाचा टायर तापतो, फुटतो, आणि तो पुढचा असेल तर तुमचे नवे ब्रेक दाबायची वेळ येण्याआधीच गाडी रस्त्याबाहेर गेलेली असते. मागे ट्रेलर जोडून जड माल ओढत असाल तर ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक हवेत, आणि निघण्याआधी कमी वेगात ते वेगळे लावून बघायला हवेत.