जुन्या गॉगलची काच गरम पाण्याने निघत नाही

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे: 'आजोबांचा सोनेरी काडीचा रेबॅन फेकू नका. फ्रेम गरम पाण्यात बुडवा, काच अंगठ्याने ढकला, कोणतीही ५८ ची काच बसवा. जितकी काळी तितकी डोळ्याला चांगली. सैल वाटली तर फेविक्विक. पाच मिनिटांचं काम, किंमत तीच.' फेकू नका, एवढं खरं आहे.

गरम पाणी हा प्लास्टिकच्या फ्रेमचा उपाय. ती उबेने मऊ पडते. धातूची रिम, म्हणजे काचेभोवतीचं कडं, त्या पाण्याला दाद देत नाही. ती उघडायला दांडीजवळच्या जोडात बारीक स्क्रू असतो. तो न काढता अंगठा लावला की काचेच्या कडेचा टवका उडतो, नाहीतर रिम पिळते. पिळलेल्या रिममध्ये मग नवी काचही धड बसत नाही.

खरी झटापट त्या स्क्रूशीच असते. घामाने तिथे हिरवा कळंक धरतो, वरून काळ्या मातीची धूळ बसून तो दगड होतो. स्क्रूच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पांढरं फडकं अंथरा, जोड लाकडी ठोकळ्यावर टेकवा. पेचकसाचं पातं खाचेत गच्च बसणारं हवं, साधारण दीड मिलिमीटरचं. आधी केसभर घट्ट बाजूला फिरवा, कळंक तुटतो, मग उलटा. पातं घसरायला लागलं की तिथेच थांबा. खाच झिजलेला स्क्रू छेदून काढणं घड्याळजीचं काम आहे.

'कोणतीही ५८ ची' म्हणजे काय? ५८ ही काचेची फक्त आडवी रुंदी, मिलिमीटरमध्ये. उंची, कोपऱ्यांचा गोलावा, काचेचा बाक यातलं तो आकडा काहीच सांगत नाही. काच रिमच्या खाचेत बसते ती पूर्ण घेराने. घेर अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी जोडाची दोन तोंडं मिळत नाहीत, आणि स्क्रू आवळून ती मिळवली तर ताण काचेत जातो. तो ताण डोळ्याने पाहता येतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर पोलराइज्ड गॉगल धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, मध्ये ही काच धरा. स्क्रूपाशी उजळ डाग चमकला तर काच आवळलेली आहे. पूर्ण काचेवर फुलीसारखी आकृती दिसली तर घाबरू नका, ती तापवून कडक केलेल्या काचेची खूण. आणि अशी कडक केलेली काच चष्मेवाल्याकडे घासून लहान करायला देऊ नका. कडक होण्याआधीच तिला आकार द्यावा लागतो, नंतर घासली की फुटते.

काळेपणाबद्दल थोडक्यात: रंग म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण नव्हे. ते नसलेल्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरणं आत जातात. रेबॅनची जुनी जी-१५ ही हिरवट राखाडी काच साधारण १५ टक्के उजेड आत सोडते. बदली प्लास्टिक काच घेताना 'यूव्ही ४००', म्हणजे अतिनील किरणं अडवणारी, असं लिहिलेलं मागा, काळीकुट्ट नको.

फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी भुकटी बसवते. ती काढायला अ‍ॅसिटोन वापरलं तर फ्रेमवरचं लाखेचं पाणी जातं, आणि काच पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असेल तर तीही. काच किंचित हलते आहे? चष्मेवाल्याकडे खाचेत बसवायची पारदर्शक बारीक पट्टी मिळते. जोडाची तोंडं कानसेने घासून देणारेही भेटतात. ते करू देऊ नका, तिथून गॉगल उचलून निघा.

'किंमत तीच' हे तर सपशेल चूक. रेबॅन १९९९ पर्यंत बॉश अँड लॉम्बकडे होता, मग लक्झॉटिकाकडे गेला. बऱ्याच जुन्या काचांवर दांडीच्या बाजूला, कडेलगत 'बीएल' ही अक्षरं कोरलेली असतात; नखाएवढीही नाहीत, तिरक्या उजेडात भिंगातून दिसतात. नंतरच्या काचांवर 'आरबी' येतं. संग्राहक आधी तिथेच पाहतो. म्हणून ओरखडलेली मूळ काच टाकू नका. तिला टूथपेस्ट तर मुळीच घासू नका; ओरखडा जात नाही आणि पॉलिश मरतं. दोन्ही काचा वेगवेगळ्या मऊ कापडात गुंडाळून डावी-उजवी लिहून ठेवा, जुने स्क्रूही त्यातच.

आणि सोयाबीन-तुरीच्या मळणीला हा गॉगल घालू नका. त्या कामाला पॉलीकार्बोनेटचा साधा सेफ्टी चष्मा घ्या.