केस वाढवा, केस लांबवा

वकिली करून पुढेमागे देशाचं राष्ट्राध्यक्ष व्हायचा विचार असेल तर आधी ती कायद्याची जाडी पुस्तकं मिटा आणि आरशासमोर उभे राहा. कल्ले आहेत? नाहीत ना, मग वाढवा. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कार्लोस मेनेमसाहेबांनी वाढवले होते, चांगले गालभर, कारण त्यांच्या ला रिओहा प्रांतात एकोणिसाव्या शतकात फाकुंदो किरोगा नावाचा एक दांडगा सरदार होऊन गेला आणि लोकांना तो अजून आठवतो, म्हणजे भाषण न करता नुसता चेहरा दाखवून निम्मा प्रचार झाला. साहेब स्वतः सीरियातून आलेल्या घरातले, जन्म 1930 चा, गाव अनियाको, कायद्याची डिग्री कोर्दोबाची. डिग्रीचं काय करायचं ते नंतर सांगतो, घाई नको.

थोडा तुरुंग भोगलेला असला तर उत्तमच. 1976 ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा साहेब ला रिओहाचे गव्हर्नर होते, उचलून आत टाकलं, जेल आणि नजरकैद मिळून जवळपास पाच वर्षं गेली. हे खरंच सोसलेलं आहे, त्यात चेष्टा नाही. फक्त हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता निवडणूक. 1989 साली महागाई इतकी की वर्षाचा आकडा तीन हजार टक्क्यांच्या वर गेला, दुकानं लुटली जात होती. अशा वेळी योजना बिजना सांगत बसू नका, लोकांना वेळ नसतो. उघड्या गाडीवर उभं राहून हात हलवायचा, पगार दणदणीत वाढवतो म्हणायचं आणि वर ‘माझ्यामागं या, मी तुमची निराशा करणार नाही’. बास. लोक आले की मागं. आधीचे राष्ट्राध्यक्ष अल्फोन्सीन इतके बेजार झाले की पाच महिने आधीच खुर्ची देऊन मोकळे झाले.

खुर्ची मिळाली की पहिल्याच आठवड्यात उलट दिशेला वळा, उशीर केला तर लोकांना तुमचं भाषण आठवायला लागतं. मेनेमसाहेब पेरॉनच्या पक्षाचे, म्हणजे कामगारांचे, युनियनचे, आणि अर्थखातं दिलं कोणाला तर देशातल्या एका बड्या धान्यव्यापारी कंपनीच्या माणसाला! ते बिचारे आठवडाभरात वारले, तर दुसरे मंत्रीही त्याच कंपनीतून आणले. मग टेलिफोन विकला, विमान कंपनी विकली, पुढे तेल कंपनी. कल्लेही हळूहळू बारीक झाले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि ज्या लष्करशहांनी आत टाकलं होतं त्यांना, विदेला आणि मासेरा यांना, 1990 च्या डिसेंबरात माफी देऊन सोडलं. लोक रस्त्यावर उतरले, लष्कराच्या राज्यात ज्यांची पोरं गायब झाली होती त्या आया उतरल्या. पण तुम्ही मोठ्या मनाचे ना, तुमच्यावरचाच नाही तर दुसऱ्यांच्या पोरांवरचा अन्यायही तुम्ही परस्पर माफ करू शकता.

फेरारीचा धडा मात्र नीट वाचा. एका इटालियन उद्योगपतीनं लाल फेरारी भेट दिली. सामान्य माणूस असता तर म्हणाला असता, सरकारजमा करा. साहेब म्हणाले ती माझी आहे, माझी, माझी! आणि पिनामारच्या समुद्रकिनाऱ्याकडे अशी सुसाट काढली की वेगमर्यादेचे बोर्ड नुसते बघत राहिले. शेवटी गाडीचा लिलाव करावा लागला, पण चक्कर तर मारून झाली ना.

आता डिग्री. वकिलाला कोर्ट कळायला पाहिजे, आणि कोर्ट कळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ते स्वतःच भरून टाकायचं. 1990 ला सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश पाचाचे नऊ केले. पुढे मुख्य न्यायाधीश झाले ते ला रिओहातले, साहेबांच्या भावाच्या वकिली ऑफिसातले जुने पार्टनर. युक्तिवाद करून घसा कशाला कोरडा करायचा! घटनेत लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं, तर 1994 ला घटनाच बदलून घेतली.

मधल्या काळात एक पेसो बरोबर एक डॉलर असा कायदा झाला, महागाई खरंच थांबली, लोक खूश, मायामीला जाऊन दोन दोन टीव्ही आणायला लागले. कारखाने बंद पडत गेले, 1995 ला बेकारी अठरा टक्क्यांवर, तरी त्याच वर्षी साहेब निम्मी मतं घेऊन परत आले. बेकारीवर बोलणं टाळायचं असेल तर आकाशाकडे बोट दाखवा. 1996 मध्ये उत्तरेतल्या तार्तागालला, अगदी गरीब भाग, तिथल्या शाळेत पोरांसमोर साहेबांनी सांगितलं की लवकरच असं यान येईल जे वातावरणाच्या बाहेर जाईल आणि दीड तासात जपान. पोरं ऐकत होती. त्यांना आधी तालुक्याला जायला बस मिळाली असती तरी चाललं असतं, पण ते कोण विचारतंय.

बंदुकांचं प्रकरण इथे घाईत सांगतो कारण ते चेष्टेत बसत नाही. गुप्त हुकमांवर सह्या झाल्या, कागदावर शस्त्रं पनामाला आणि व्हेनेझुएलाला, पोचली क्रोएशिया आणि इक्वेडोरला. 1995 च्या नोव्हेंबरात रिओ तेर्सेरोचा दारूगोळा कारखाना उडाला, सात माणसं गेली, आणि कित्येक वर्षांनी कोर्टानं सांगितलं की तो अपघात नव्हता, गायब शस्त्रांचा हिशोब लपवायला मुद्दाम घडवलेला स्फोट होता.

तर शस्त्रांच्या केसमध्ये 2001 ला अटक झाली. काही हरकत नाही, वय सत्तर पूर्ण होतं म्हणून तुरुंगाऐवजी घरीच कैद, ती पण मिस युनिव्हर्स राहिलेल्या बाईंशी लग्न करून दोनच आठवडे झाले असताना. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सोडलं, हो तेच ते नऊवालं. पुढच्याच महिन्यात देशाच्या बँकांतल्या लोकांच्या ठेवींना कुलूप. 2003 ला परत उभे राहिले, पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त मतं, आणि दुसऱ्या फेरीत आपटणार हे दिसल्यावर मैदानच सोडलं. हरलो नाही, खेळलोच नाही!

2005 ला साहेब सिनेटर झाले आणि इथे वकिलीचा कळस आहे. सिनेटरला सिनेटनं संरक्षण काढल्याशिवाय जेलमध्ये टाकता येत नाही. 2013 ला त्याच शस्त्रांच्या केसमध्ये सात वर्षांची शिक्षा लागली, साहेब सिनेटमध्ये. अपील, परत अपील, आणि 2018 ला कोर्ट म्हणालं की खटला फारच लांबला, इतका लांबवणं आरोपीवर अन्याय आहे, सबब निर्दोष.

फेब्रुवारी 2021 मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले तेव्हाही सिनेटरच होते. तीन दिवसांचा दुखवटा झाला, पार्थिव दर्शनासाठी संसदेत ठेवलं होतं.