‘भंगारातला ईसीएम लावा, दहा मिनिटांत गाडी चालू’: त्या मेसेजला एका वायरमनचं उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो निदान आठ जणांनी पाठवला. त्यातल्या तिघांनी आधी तो करून बघितला आणि मग गाडी टो करून माझ्या दारात आणली. मेसेजचा सारांश असा: मीटरमधली चेक लाइट लागली, स्कॅनरवर एकदम तीन-चार बिघाडाचे कोड आले की इंजिनाचा कंट्रोल मोड्यूल, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर ईसीएम, गेला असं समजा. बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा, बरा होतो. नाही झाला तर भंगारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणा, कपलर (वायरींचा प्लग) लावा, दहा मिनिटांत गाडी चालू. कोडिंग, म्हणजे ईसीएममध्ये त्या गाडीची माहिती भरणं, वगैरे हा पैसे उकळायचा धंदा आहे. आणि पुरात भिजलेला ईसीएम ड्रायरने सुकवला की पहिल्यासारखा चालतो.

कोल्हापुरात, उद्यमनगरात, मी २२ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय. मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण त्याच्या सल्ल्याने लोकांच्या चांगल्या गाड्या खराब होताना मी बघतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘चेक लाइट लागली, एकदम चार कोड आले, म्हणजे ईसीएमच गेला’

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. चेक लाइट ईसीएमच लावतो. म्हणजे तो जागा आहे, सेन्सर वाचतोय आणि कुठे बिघडलंय ते सांगतोय. सांगणाऱ्यालाच काढून फेकायची एवढी घाई कशाला?

आता एकदम चार कोड का येतात ते बघा. ईसीएमला १२ व्होल्ट मिळतात, पण थ्रॉटल, मॅनिफोल्ड प्रेशर, अॅक्सिलरेटर पेडल अशा बऱ्याच सेन्सरांना तो स्वतः ५ व्होल्ट बनवून देतो. कित्येक गाड्यांत ही ५ व्होल्टची एकच लाइन चार-पाच सेन्सरांना फिरलेली असते. त्यातला एक जरी शॉर्ट झाला तरी सगळी लाइन बसते आणि सगळे सेन्सर एकदम मेल्यासारखे दिसतात.

गेल्या वर्षी शिरोळकडचे एक दादा डिझेल गाडी घेऊन आले. पेडल मारलं तरी गाडी उचलत नव्हती, स्कॅनरवर चार कोड. “मिस्त्री, ईसीएम गेलाय म्हणत्यात. तुमच्याकडं जुना हाय काय?” मी म्हटलं, दादा, चहा घ्या, आधी बघू. मल्टीमीटर मॅनिफोल्ड सेन्सरच्या कपलरवर लावला. पाचच्या जागी ०.४ व्होल्ट. मग त्या लाइनवरचे कपलर एकेक काढत गेलो. पेडलचा काढला, ०.४. थ्रॉटलचा काढला, ०.४. एसीच्या पाइपवर बोटभर लांबीचा एक प्रेशर सेन्सर असतो, त्याचा कपलर ओढला आणि मीटर टकन ५.०२ वर गेला. इंजिनाशी ज्याचा थेट संबंधही नाही अशा त्या सेन्सरने सगळी लाइन धरून ठेवली होती. ईसीएमला हातही लावला नाही. सेन्सर बदलला, कोड पुसले, दादा गाडी चालवत घरी गेले.

सेन्सरच्या जागी कधी बॉडीला घासून सोललेली वायर निघते, कधी उंदराने कुरतडलेली. आणि सगळ्यात जास्त वेळा निघतो खराब अर्थ, म्हणजे अर्थिंगचा जोड. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंत, सगळा लोड चालू असताना, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ईसीएमकडे नंतर बघा, आधी अर्थिंगचा बोल्ट खोलून घासा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तरीही ईसीएम वेड्यासारखा वागतो. बिचाऱ्याला पोटभर करंटच मिळत नसतो.

कोडही नीट वाचायला हवेत. पी-०६०१ किंवा पी-०६०६ आला, कोड पुसल्यावरही लगेच परत आला आणि पुरवठा-अर्थ दोन्ही ठणठणीत असले, तर मीही ईसीएमवर बोट ठेवतो. पण पी-०६४२ हा ५ व्होल्टच्या लाइनचा कोड आहे, वर सांगितलेल्या शॉर्टनेही तो येतो. यू-०१०० चा अर्थ एवढाच की बाकीच्या मोड्यूलांना ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तिथे आधी बघायचं ते फ्यूज, मेन रिले, अर्थ आणि ज्यांवरून मोड्यूल एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरी. बॅटरी काढून, स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाशी लाइन तुटली आहे, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन मिनिटांचं काम, आणि इंजिन खोलावंही लागत नाही.

‘बॅटरीची वायर काढली की ईसीएम बरा होतो’

कोड पुसले जातात, लाइट विझते आणि माणसाला बरं वाटतं. बिघाड तिथेच असतो. जुन्या गाड्यांत ईसीएमने शिकलेलं पेट्रोलचं प्रमाणही त्यासोबत पुसलं जातं, म्हणून दोन दिवस गाडी वेगळी चालते आणि लोकांना वाटतं सुधारली. नव्या गाड्यांत ही माहिती कायमच्या मेमरीत असते, वायर काढून तिला काही होत नाही. जिथे पुसलं जातं तिथे उलट आमचं नुकसान होतं. कोड आला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, लोड किती होता याची नोंद ईसीएम ठेवतो. ती पुसून आलेली गाडी म्हणजे पंचनाम्याआधीच धुऊन काढलेली जागा.

‘त्याच मॉडेलचा आणा आणि कपलर लावा’

१९९० च्या दशकातल्या काही गाड्यांना हे जमायचं. तेव्हा ईसीएमच्या पोटात त्या गाडीची ओळख नसायची. आता असते.

चावीपासून सुरुवात करू. चावीच्या प्लास्टिकमध्ये बॅटरी नसलेली एक चिप असते. इग्निशनभोवतीची कॉइल तिला वाचते, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) नंबर तपासतो आणि ईसीएमला परवानगी देतो. भंगारातला ईसीएम दुसऱ्याच गाडीच्या इमोबिलायझरला ओळखतो. मग सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण धरत नाही, किंवा क्षणभर धरून बंद पडतं, आणि मीटरमध्ये चावीची लाइट लुकलुकत राहते. मेसेज वाचून आलेल्या तिघांपैकी दोघांची अवस्था हीच होती.

त्यात ‘त्याच मॉडेलचा’ हेही पुरेसं नाही. रांजणगावात बनलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल पुंटोतही होतं आणि इंडिका व्हिस्टातही, आणि त्याच घराण्यातलं इंजिन स्विफ्टमध्येही. पण तेवढ्यावरून एकीचा ईसीएम दुसरीला चालतो असं नाही. एकाच मॉडेलमध्येही बीएस-३ आणि बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांचे ईसीएम वेगळे, टर्बो वेगळा, गिअरबॉक्स वेगळा. झाकणावरच्या स्टिकरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे दोन्ही नंबर जुळवावे लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून आणलेल्या ईसीएमवरचं स्टिकर पुष्कळदा खरवडलेलं असतं. तसला घेऊच नका.

डिझेलवाल्यांनी पुढचं नीट वाचा. कॉमन रेल इंजेक्टर एकसारखे बनत नाहीत, प्रत्येकाची फवारणी किंचित वेगळी असते. म्हणून बहुतेक गाड्यांत इंजेक्टरच्या डोक्यावर कोड छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये सिलिंडरवार भरलेला असतो. दुसऱ्याचा ईसीएम म्हणजे दुसऱ्याच्या इंजेक्टरांचा हिशेब. गाडी चालेल, पण आयडलिंगला खडखडेल, धूर टाकेल. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीच्या फिल्टरचा हिशेबही ईसीएमकडेच असतो. फिल्टर भरलेला असताना नवा ईसीएम त्याला रिकामा समजला तर काजळी जाळण्याचं चक्र वेळेवर सुरू होत नाही आणि फिल्टर चोंदतो.

मग जुना ईसीएम कधीच लावू नये का? मी लावतो. पण दोन्ही नंबर जुळलेला, आणि तुमच्या मूळ ईसीएममधली माहिती वाचून त्यात उतरवलेला. मूळ ईसीएम स्कॅनरशी बोलत नसला तरी अनेकदा तो उघडून मेमरी टेबलावर वाचता येते. म्हणून मेलेला ईसीएम भंगारात देऊ नका. तुमच्या गाडीची ओळख त्याच्या पोटात आहे.

‘दहा मिनिटांत’

ईसीएम जळाला असेल तर त्याला कशाने जाळलं, हे मेसेजमध्ये एका शब्दानेही येत नाही. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

ज्या पेट्रोल गाड्यांत इग्निशन कॉइलचा ट्रान्झिस्टर ईसीएमच्या बोर्डावरच असतो, तिथे कॉइल आतून शॉर्ट झाली की करंट वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. एक सिलिंडर बंद, गाडी मिसिंग मारते. मेसेज वाचून आलेल्यांपैकी तिसरा कॉलेजला जाणारा पोरगा होता. साठवलेल्या पैशांतून त्याने दुसरा ईसीएम घेतला आणि कुणाकडून तरी कोडिंगही करून घेतलं. गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी परत तेच सिलिंडर बंद. मी झाकण उघडून बोर्ड भिंगाखाली धरला. एका ट्रान्झिस्टरभोवती पिवळट-तपकिरी डाग, पायाशी फुगलेलं सोल्डर. त्याने पिशवीतून पहिला ईसीएम काढला, त्यातही नेमका तोच ट्रान्झिस्टर. कॉइल मोजल्या तर त्या सिलिंडरच्या कॉइलचा रेझिस्टन्स बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी. ती बदलली असती तर दुसरा ईसीएम वाचला असता. पहिल्याचा ट्रान्झिस्टर मी बदलून दिला आणि त्याच ईसीएमवर गाडी आजही फिरतेय.

म्हणून नवा असो की जुना, ईसीएम लावण्याआधी कॉइल, इंजेक्टर, रिले आणि अल्टरनेटरचा व्होल्टेज मोजून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय ईसीएमचा कपलर ओढू नका. आणि जुन्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने सेन्सरच्या वायरी टोचू नका. तो बल्ब इतका करंट ओढतो की चांगला ईसीएमही दुखावू शकतो.

‘कोडिंग म्हणजे लूट’

कोडिंग हे खरं काम आहे, ते का लागतं हे वर आलंच. पण मेसेजमधला राग इथे खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. आमच्या धंद्यात अंदाजाने ईसीएम बदलणारे आहेत. बदलून बिघाड राहिला तरी पैसे परत न देणारे आहेत. बोर्डावरचा एक सुटा भाग बदलून काम होत असताना पूर्ण युनिटचं बिल लावणारे आहेत. त्यावर इलाज प्रश्न विचारण्यात आहे. कोणत्या मोजणीवरून ईसीएम गेला म्हणता? पुरवठा आणि अर्थ लोडवर मोजला का? कोडची प्रिंट द्या. जुना ईसीएम माझ्या हातात द्या. हे चार प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

‘पुरात भिजला तर ड्रायरने सुकवा’

२०१९ आणि २०२१ चा महापूर आम्ही इथेच पाहिला. पुराचं पाणी म्हणजे माती, मीठ, गटार. पाणी सुकतं, क्षार बोर्डावर राहतात. पिनांवर हिरवट कीट चढतो आणि दोन-तीन महिन्यांनी, गाडी बरी झाली असं वाटत असताना, भर रस्त्यात इंजिन बंद पडतं. ड्रायरची गरम हवा तर ओल सीलच्या आत ढकलते.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की गाडी उंचावर न्या. ते जमलं नाही आणि गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबात नको. बॅटरीची निगेटिव्ह काढा. फोटो काढून विमा कंपनीला कळवा, आणि त्यांच्या सर्वेआधी काही खोलू नका. मग ईसीएम काढून जाणकाराकडे द्या. तो बोर्ड शुद्ध अल्कोहोलने धुतो, ब्रशने पिना साफ करतो, वाळवतो आणि आधी टेबलावर चालवून बघतो. पहिल्या काही दिवसांत आलेले बरेच ईसीएम असे वाचले आहेत. महिनाभर वाट बघून आणलेले फार थोडे.