कानावरची पेन्सिल

काल मी एक करवत, लाकूड तासायच्या तीन पटाश्या, काटकोन आखायचा एक गुण्या आणि धार लावायचा एक दगड विकत घेऊन आलो. यातला दगड मला नको होता. जी हवी होती ती चपटी सुतारी पेन्सिल मात्र माझ्याजवळ नाही. ती सध्या एका अनोळखी गृहस्थांच्या कानावर आहे.

या वयात सुतारकाम का शिकायचंय, हे विचारू नका. घरच्यांचं विचारून झालंय. तर यादी घेऊन काउंटरपाशी उभा होतो. शेजारी एक काका. हातात कागदाची पुडी, पुडीत एकच गंजका स्क्रू. त्याचा जोडीदार हवा होता. दुकानातला पोऱ्या तो शोधायला माळ्यावर चढला आणि काका रिकामे झाले.

"करवत कशाला?"

"लाकूड कापायला."

"उभं की आडवं?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "दोन्ही." काकांनी दुकानदाराकडे पाहिलं. पेशंटला बाहेर बसवून डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात, तसं. मग माझा वर्ग घेतला. तंतूंच्या दिशेने उभं चिरायच्या करवतीचे दात बारक्या पटाश्यांसारखे, आडवं कापायच्या करवतीचे चाकूच्या टोकांसारखे. पहिलीने आडवं कापलं तर लाकूड फाटतं, दुसरीने उभं चिरलं तर माणूस फाटतो. शिवाय दात एकाआड एक डावी-उजवीकडे वळवलेले असतात. त्यामुळे खाच पात्याहून रुंद पडते, पातं अडकत नाही. हे सगळं मला आवडत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

पटाश्या मी 6, 12 आणि 25 मिलिमीटरच्या निवडल्या होत्या. काकांनी मोठीच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

"हिने पाठ खाजवा."

"काका, नवी आहे हो!"

"म्हणूनच."

कारखान्यातून पटाशी साधारण 25 अंशांचा उतार घासून येते म्हणे. खरी धार आपण काढायची. त्याआधी तिची सपाट पाठ दगडावर आरशासारखी करायची. मला सांगा, नवी छत्री घेतली तर दुकानदार "काड्या तुम्ही बसवा" म्हणतो का? नवी कात्री कापते, नवी सुई टोचते, आणि पटाशी म्हणे आधी शिकवणी लावा. अर्धवट माल विकायचा आणि त्याला परंपरा म्हणायचं! (बाकाचंही तेच. चांगला कामाचा बाक बनवायला आधी एक चांगला कामाचा बाक लागतो. पहिला बाक कुणी, कशावर ठेवून बनवला असेल?) असो. दगड असा पिशवीत गेला.

मग गुण्या. हा तरी सरळ माणूस, असं मला वाटत होतं. काकांनी एक सरळ कडेची फळी ओढली, "पेन्सिल द्या" म्हणाले, मी दिली. गुण्या कडेला टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी. दोन्ही रेघा जुळायला हव्यात. त्या खाली गुण्यागोविंदाने निघाल्या आणि वीतभर वर जाईतो त्यांच्यात काडेपेटीची काडी मावेल एवढी भाऊबंदकी झाली.

"दिसतंय त्याच्या निम्मी चूक," काका म्हणाले. म्हणजे जेमतेम पाव अंश. पण ज्याच्या जिवावर मी काटकोन ठरवणार, तोच वाकडा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरोखर वाकडं निघालं, तेही नाचायला उतरण्यापूर्वी.

दुसराही वाकडा. तिसरा पहिल्याहून वाकडा. चौथ्याच्या दोन रेघांची एक झाली. नापास झालेले तिघं दुकानदाराने माझ्यासमोर त्याच खणात परत टाकले. पुढच्या गिऱ्हाइकासाठी. याच्यावर बोलायला हवं होतं. मी पैसे मोजत बसलो. काकाही गप्प, ते फळीवरच्या रेघेकडे नापसंतीने बघत होते.

"पेन्सिलीने नका आखू. रेघेलाही जाडी असते. ती जाडी जोडात फट होऊन बसते. चाकूने आखा." असं म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर खोचली.

पोऱ्या माळ्यावरून उतरला. स्क्रू नव्हता. काकांनी पुडी घडी करून खिशात ठेवली आणि ते निघून गेले, कानासकट.

मला हे घरी आल्यावर कळलं. पुढ्यात फळी, हातात अस्सल काटकोनाचा गुण्या आणि आखायला काही नाही. शेवटी स्वयंपाकघरातली सुरी आणली. रेघ केसासारखी बारीक आली. पण त्या माणसाला हे मी कदापि सांगणार नाही.